चार हजार फोटोंतला एक चेहरा

मित्रांनो, आधी तुमची माफी मागतो, कारण मी बोलता बोलता मधेच अडकेन. माझा पंखा घरघर करतो, पडदा पूर्ण काळा पडला आहे, आणि एखादी गोष्ट मनात आली तरी ती बाहेर पडायला वेळ लागतो. लाखांदूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या वाचनालयाचा मी जुना संगणक. काल माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली, 'निर्लेखित'. म्हणजे वाचनालयाच्या यादीतून माझं नाव खोडलं. आता उद्या नाहीतर परवा मला कुणीतरी उचलून नेईल. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, वय झालंच आहे. पण जाण्याआधी रिताची गोष्ट कुणाला तरी सांगितली नाही, तर माझा जीव शांत व्हायचा नाही. कारण त्या गोष्टीत माझीही चूक आहे.

माझा जन्म कुठे झाला, हे मला धड सांगता येत नाही. पडदा एका देशातला, आतली सर्किटची पाटी दुसऱ्या देशातली, आणि जोडणी कुठल्याशा गोदामातली. एवढं आठवतं की मी नागपूरहून जीपमध्ये बसून आलो आणि वाटेत साकोलीला माझा खोका बाकावर ठेवून सगळ्यांनी चहा घेतला. गावात पोचलो तर काय थाट! वाचनालयाचे अध्यक्ष लक्ष्मणराव धुतलेलं धोतर नेसून उभे. त्यांनी माझ्या पडद्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या पुढ्यातच नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट माझ्या बटणांवर. तेव्हापासून माझी दोन बटणं चिकटतात. पण रागवायचं कुणावर? प्रेमानंच केलं होतं त्यांनी.

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. लोक माझ्या खोलीत चपला काढून येत. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर रांग थेट पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत जायची. एखादीचा निकाल उघडला की ती आधी माझ्या पडद्याला हात लावून नमस्कार करी आणि मग आईला मिठी मारी. सातबारा, परीक्षेचे अर्ज, भरतीच्या याद्या, सगळं माझ्याच पोटातून बाहेर यायचं. ग्रंथपाल भुपेंद्र रोज ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायचा. मी तेव्हा जरा चढूनच गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. रांग आटली. फडकंही आटलं. एका उन्हाळ्यात माझ्या पोटात पालीने अंडी घातली, तरी कुणाला पत्ता नाही. लोक मला 'डबा' म्हणू लागले. भुपेंद्र माझ्या डोक्यावर फुटाण्याचा पुडा ठेवायचा आणि बोटं पुसायलाही माझाच उपयोग करायचा. असा मी कोपऱ्यात बसून होतो.

गेल्या दिवाळीनंतर नागपूरहून संशोधन करणारी एक मुलगी आली. आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीवर, म्हणजे ढोलकीच्या तालावर नाचत-गात चालणाऱ्या खेळावर, तिला प्रबंध लिहायचा होता. तिने भुपेंद्रला दाखवलं की परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्याचे जुने फोटो इंटरनेटवर ठेवले आहेत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिकडची एक संशोधक बाई इथं येऊन राहिली होती. गावोगाव फिरली, फोटो काढले, वह्या लिहिल्या, आणि ते सगळं पेट्यांत भरून घेऊन गेली. आता त्या पेट्या उघडून एकेक कागद, एकेक फोटो जगासाठी मांडून ठेवला होता. आपल्या गावाचं नावही त्यात होतं. जिल्ह्याचे मिळून चार हजारांवर फोटो!

मोबाइलवर ते फोटो नखाएवढे दिसत. मोठे बघायचे तर नोंदणी केलेल्या वाचनालयातूनच बघावे लागत. भुपेंद्रने खटपट करून आपल्या वाचनालयाची नोंदणी केली, आणि ती माझ्या नावावर झाली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्याने माझ्या डोक्यावरचा पुडा उचलला आणि फडकं आणलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

ही बातमी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या रिताच्या कानावर गेली. दुसऱ्याच दिवशी, शाळेतली भांडी घासून झाल्यावर, ती आपल्या आईला, शकुनबाईंना घेऊन वाचनालयात आली. पदराला हळद, हाताला डाळीचा वास. तिने चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हाच मी ओळखलं की ही बाई काहीतरी मागायला आली आहे.

"भुपेंद्रभाऊ," ती म्हणाली, "त्यात माह्या बाबूजीचा फोटो असंल का?"

रिता आठ महिन्यांची असताना तिचे वडील, इश्वर, तापाने गेले. त्यांचा एकच फोटो घरात होता, तो रिताला कळू लागण्याआधीच भिंतीवरच्या चौकटीत वाळवीने खाल्ला. रिताने वडिलांचा चेहरा कधी पाहिलाच नाही. आणि शकुनबाईंना काचबिंदू झालेला. उजवा डोळा गेलेला, डावा बारीक होत चाललेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषध टाकत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेलीही फार दिवस टिकायची नाही.

"डोळे जायच्या आधी एकडाव त्यायचं तोंड पाहीन म्हणते," शकुनबाई म्हणाल्या. "मले आता आठवते म्हणलं तरी नीट नाही आठवत. रातचं डोळे मिटून पाहाते, तर दुसऱ्याचंच तोंड येते."

"पण त्यांचा फोटो काढला होता का त्या बाईनं, मावशी?" भुपेंद्रने विचारलं.

"काढला ना! मंडईच्या दिवशी, दिवाळीच्या जत्रेत. गोरी बाई होती, पँट घालून आली होती. मी तिथंच उभी होती. पाहिलं ना मी माह्या डोळ्यानं."

"दिसायला कसे होते बाबूजी?"

शकुनबाईंच्या आधी रिताच बोलली, "उंच, रुबाबदार. ही एवढी मोठी मिशी. दंडारीत ढोलकी वाजवत ते. माय सांगते ना मले लहानपणापासून."

शकुनबाईंनी पदर नीट केला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी ते पाहिलं होतं, मित्रांनो, पण मी पडलो यंत्र. मला त्याचा अर्थ लागला नाही.

भुपेंद्रने वडिलांचं नाव टाकून शोधलं. एकही फोटो आला नाही. चार-पाच तऱ्हांनी नाव लिहून पाहिलं, तरी नाही. बहुतेक फोटोंखाली नावच नव्हतं, 'नाव अज्ञात' एवढंच. मग त्याला एक युक्ती सुचली. फोटोंच्या बाजूला खुणा होत्या, त्यावर दाबलं की तेवढेच फोटो वेगळे निघत. तलाव, बैल, रोवणी, लग्न, पुरुष, स्त्रिया. त्याने 'पुरुष' वर बाण नेला आणि ऐटीत रिताकडे पाहिलं.

"बायांचे फोटो कायले पाहायचे? अर्धं काम इथंच कमी."

त्याने बटण दाबलं आणि मी निमूटपणे दोन हजारांहून जास्त फोटो लपवून टाकले. राहिले एकोणीसशे बारा. तिघांनाही आनंद झाला, आणि मलाही झाला. आज तो आनंद आठवला की माझा पंखा आपोआप जोरात फिरायला लागतो.

रोज दुपारी साडेतीनला रिता यायची. दिवसाला पंचवीस-तीस फोटो होत, कारण मी एकेक फोटो उघडायला दोन-दोन मिनिटं लावायचो. आधी आभाळ दिसायचं, मग झाडाचे शेंडे, मग टोपी, मग कपाळ. कपाळ दिसलं की रिता श्वास रोखायची. डोळे, नाक, आणि मग ओठांवर मिशी आहे की नाही, तिथपर्यंत पोचायला माझा जीव निघायचा. मिशी असली की ती आईला हाताला धरून पुढे आणायची. शकुनबाई पडद्याला नाक लावून बघायच्या आणि मान हलवायच्या.

"हा नाही."

मी त्या दिवसांत काय काय पाहिलं! तलावाच्या पाळीवर जाळं वाळवणारे ढिवर. धानाच्या पुंजण्यावर चढून हसणारा माणूस. बैलाच्या शिंगांना रंग लावणारे दोन भाऊ. रिता गावात ओळखी सांगत सुटली आणि मग गावच लोटलं. कुणाला आजा सापडला, कुणाला पाटीलकीतला पणजा. एक म्हातारा तर स्वतःचाच बाळपणाचा फोटो बघून खुर्चीत बसून राहिला, उठेना. लोक आनंदाने डोळे पुसत घरी जात आणि रिता पुढचा फोटो उघडी.

"साऱ्या गावाचे बाप सापडून राहिले, भाऊ," एक दिवस ती म्हणाली. "माहाच काहून नाही सापडत?"

भुपेंद्रने तिच्यासमोर फुटाण्याचा पुडा सरकवला. तिने घेतला नाही.

इकडे शकुनबाईंची नजर आटत होती. आधी त्या एकट्या चालत यायच्या. मग रिताच्या खांद्यावर हात ठेवून यायला लागल्या. माघ लागला तेव्हा दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली, कारण ती त्यांना दिसलीच नाही. आता फक्त डाव्या डोळ्याच्या मध्यभागी नाण्याएवढी जागा उरली होती. बाकी सगळं धुकट. माझा पडदाही रोज खालून केसभर काळा होत होता. लक्ष्मणराव दोनदा येऊन गेले आणि नवीन संगणक येणार, हा डबा काढून टाका, असं भुपेंद्रला बजावून गेले. भुपेंद्रने हात जोडून चार दिवस मागून घेतले.

आणि एका दुपारी एकोणीसशे बारावा फोटो आला. एक पोरसवदा माणूस, हातात विळा. मिशी नाही. रिताने पुढच्या फोटोचं बटण दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. मी तरी कुठून आणू? तिने इतक्यांदा दाबलं की ते नारळाच्या पाण्याने चिकटलेलं बटण आतच बसलं आणि वर आलं नाही.

रिता टेबलावर डोकं टेकून बसली. रडली नाही. मग उठली आणि म्हणाली, "भाऊ, तो तलावावरचा उघडा. पागोटं बांधलेला. मोठ्या मिशीचा."

"तो मावशीनं नाही म्हटलाय ना?"

"तो नाही दाखवला मी तिले. त्या दिवशी माय आली नव्हती. चेहऱ्यावरून दुसऱ्याच गावचा वाटला म्हणून सोडला होता." तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "तिले आता धड दिसते कुठं? हे पाहा बाबूजी, म्हणीन. पाहील आणि निवांत होईल बिचारी."

"रिताताई, हे बरोबर नाही."

"बरोबर मले नको सांगू!" ती ओरडली. "तीन महिने बरोबरच करून राहिली ना मी? काय भेटलं? चार दिवसांनी तिले अंधार होईल, मंग तुह्या बरोबराचं लोणचं घालू का?"

भुपेंद्रने मान खाली घातली आणि तो फोटो उघडला. कुणाचा तरी बाप होता तो, पाळीवर हाताची घडी घालून उभा. मी तो पडदाभर मोठा केला. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. सांगितलं ते करायचं, हीच माझी घडण. पण त्या दिवशी वीज जावी, असं मला फार वाटलं. गेली नाही.

रिताने घरी जाऊन आईला आणलं. खुर्चीत बसवलं. "माय, भेटले बाबूजी," एवढंच म्हणाली.

शकुनबाईंनी पडद्याच्या दोन्ही कडा धरल्या, नाक टेकवलं आणि मान हळूहळू फिरवत त्या नाण्याएवढ्या जागेतून बघायला लागल्या. पागोटं. कपाळ. डोळे. मग मिशीपाशी येऊन थांबल्या.

"हा कोण हाय, रिता?"

"बाबूजी ना, माय."

"नाही, बाई."

"नीट पाय ना! मिशी पाय. तू सांगत होती तशीच हाय."

शकुनबाईंनी पडदा सोडला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "त्यायले मिशी नव्हती," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हती."

मग त्या बाईने पस्तीस वर्षांचं गाठोडं आमच्यासमोर सोडलं.

"तू सहा वर्षांची होती. शाळेतून रडत आली. पोट्टे तुले नाच्याची पोरगी, नाच्याची पोरगी म्हणून चिडवून राहिले होते. दंडारीत बाई होऊन नाचत ना तुहे बाबूजी. लुगडं नेसून, पायात चाळ बांधून. असे नाचत की बायाच तोंडात बोट घालत. पण तुह्या डोळ्यातलं पाणी पाहून मले सुधरलं नाही. मी म्हणली, कोण म्हणते नाच्या? तुह्या बाबूजीले मोठी मिशी होती, ढोलकी वाजवत ते. तू रडायची थांबली. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आली. मंग ते मोडायची माही हिंमत नाही झाली."

"मी तीन महिने मिशा पाहून राहिली, माय!" रिता किंचाळली. "तू बाजूले बसून होती! हा नाही, हा नाही म्हणत होती! एकडाव बोलता नाही आलं तुले?"

"मले वाटलं, असाच कुठं बसला-उठला असतानाचा एखादा सापडून जाईल. सांगायचं काम नाही पडणार. लाज वाटली, बाई. त्यायची नाही. माह्या खोट्याची." शकुनबाई आता हुंदके देत होत्या. "आणि तू तरी काय केलं आता? परक्या माणसाले माहा नवरा म्हणून दाखवून राहिली."

दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला दिसत होतं, एकीला जेमतेम. दोघींचं खोटं माझ्या पडद्यावर उघडं पडलं होतं, आणि मधे तो बिचारा पागोटेवाला उभा. त्याला काय ठाऊक आपण कुठे येऊन अडकलो ते.

भुपेंद्रच पहिल्यांदा भानावर आला. त्याने एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. बायांचे फोटो मीच काढून टाकले ना!"

त्याने 'पुरुष' ही खूण काढली आणि 'स्त्रिया' वर दाबलं. मग चिकटलेलं बटण नखाने उपटून शोधात 'दंडार' लिहिलं. मी तीन महिने दडवून ठेवलेले फोटो बाहेर काढले. त्रेसष्ट. बाहेर ऊन कलत होतं, माझा पडदा अर्ध्याहून जास्त काळा झाला होता, आणि शकुनबाई सारख्या विचारत होत्या, "सापडला का? अवं, सापडला का?"

रिता एकेक फोटो वर सरकवून उजेडात आणत होती. नाचणाऱ्या रांगा, टिपऱ्या, पाठमोरी लुगडी. एकेचाळिसावा फोटो आला आणि तिचा हात थांबला.

बैलगाडीच्या धुरेवर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. पण बसली होती पुरुषासारखी, गुडघे फाकवून, बोटांत विडी. आणि चेहरा रिताचा. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक, हसताना एका बाजूला जाणारा ओठ. माझ्या काळ्या झालेल्या भागात रिताचं तोंड आरशासारखं उमटलं होतं, आणि वर उजेडात तेच तोंड नथ घालून हसत होतं. जन्मभर लोक तिला म्हणत आले, तू आईसारखी नाहीस, कुणावर गेलीस कोण जाणे!

"माय," ती पुटपुटली, "मी हाय ना इथं."

फोटोखाली लिहिलं होतं, 'दंडारीतील नर्तिका, नाव अज्ञात'. आणि त्याला त्या संशोधक बाईच्या वहीचं एक पान जोडलं होतं. भुपेंद्रने इंग्रजी अक्षरं लावून लावून त्याचा अर्थ सांगितला. 'याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, लग्नात सासऱ्याला वचन दिलं आहे की पुन्हा लुगडं नेसणार नाही. बायकोने हट्ट धरला म्हणून आज शेवटचं. फोटो काढा, पण नाव लिहू नका.' पुढे तिकडच्या ग्रंथालयात ज्याने कुणी खुणा घातल्या, त्याला नथ दिसली आणि त्याने बाई म्हणून ठेवून दिलं. त्याचा तरी काय दोष?

"मीच म्हणलं होतं," शकुनबाई रडता रडता हसल्या. "माह्या बापाच्या चोरून. नवीन लग्न झालं होतं, मले पाहायचं होतं ना कसे नाचते ते. लुगडं माहंच दिलं होतं."

रिताने तिचं डोकं धरून पडद्याजवळ नेलं. पूर्ण फोटो त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून रिता तो बोट-बोटभर सरकवत राहिली आणि शकुनबाई त्या उरलेल्या जागेतून नवऱ्याला तुकड्यातुकड्याने बघत राहिल्या. "वर घे. आणखी. ही नथ. आता खाली. थांब, थांब, हलवू नको." ओठांवर आल्या तशा त्या स्तब्ध झाल्या. माझ्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. रिताने ती पदराने पुसली.

"हसून राहिले," त्या म्हणाल्या.

"हो, माय."

"माह्याकडं पाहून हसून राहिले. मी त्या गोऱ्या बाईच्या मांगं उभी होती. लाजू नको, इकडं पाय, अशी खूण केली मी, तेव्हाच हसले ते."

किती वेळ त्या तशा बसल्या, मला माहीत नाही. माझ्या आत घड्याळ आहे, पण मी ते पाहिलं नाही.

आठवडा गेला नाही तोच शकुनबाईंचा डावा डोळाही गेला. एका सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, "आज झुंजुमुंजू व्हायले उशीर कायले होऊन राहिला?" रिताने येऊन भुपेंद्रला हे सांगितलं, तेव्हा ती पायरीवरच बसून रडली. अगदी मोठ्याने, लाज न बाळगता. मला तिला कवटाळता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण हात नाहीत मला. त्या तीन महिन्यांत तिच्या आईला हा चेहरा भरभरून बघता आला असता, रोज बघता आला असता. आईचं एक खोटं, भुपेंद्रचं एक बटण आणि माझं निमूटपण, यांत ते दिवस वाया गेले. मिळालं ते एका दुपारचं, तेही तुकड्यातुकड्यात.

भुपेंद्रने त्या विद्यापीठाला पत्र लिहिलं. लिहिण्याआधी त्याने शकुनबाईंना विचारलं, कारण इश्वरनेच नाव लिहू नका म्हटलं होतं. शकुनबाई म्हणाल्या, "लिव, बावा. आता कोण सासरा बसला हाय?" चार दिवसांनी 'नर्तिका, नाव अज्ञात' ही ओळ गेली आणि तिथे इश्वरचं नाव, गावाचं नाव आलं. खाली 'माहिती देणार : पत्नी शकुनबाई व मुलगी रिता'. माझ्या पडद्यावर ती ओळ उमटली, आणि तेच माझं शेवटचं काम. संध्याकाळी पडदा पूर्ण काळा झाला.

मित्रांनो, त्या साठ्यात अजून हजारांवर फोटोंखाली 'नाव अज्ञात' लिहिलं आहे. त्यात तुमचं कुणीतरी उभं असेल, पाळीवर, बांधावर, गाडीच्या धुरेवर. त्यांना ओळखणारी माणसं आज तुमच्या घरात ओसरीवर बसली आहेत, आणि त्यांचे डोळे कुणासाठी थांबून राहणार नाहीत. माझ्यासाठी काही करू नका. मला न्यायला येतील तेव्हा वायरी ओढून तोडू नका, हळू सोडवा, एवढं पुरे. पण आज घरी गेलात की जुने फोटो काढून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, हा कोण? आणि त्यांनी उत्तर दिलं, तरी शकुनबाईंची ती खोटी मिशी आठवा, आणि हात हातात घेऊन पुन्हा एकदा विचारा.